अण्णांचे ब्रेक

भूपालअण्णांकडे गाडी नेली की ते बॉनेट उघडत नसत. आधी बादली मागत. निळी, प्लास्टिकची, कान तुटलेली बादली. मग दार उघडून निम्मे गाडीत शिरायचे आणि हाताला लागेल ते बादलीत टाकायचे. छत्री, चार्जर, अत्तराची बाटली, सीटखालचं शेंगदाण्याचं पुडकं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा डॅशबोर्डवरचा गणपतीही बादलीत गेला. माझं डोकंच फिरलं.

"अहो, देव आहे तो!"

"म्हणूनच काढला. घाटात गाडी वळती, देव वळत न्हाय. सरळ टाळक्यात येतोय. गाडीत मोकळं कायबी नगो."

मी पतसंस्थेत क्लार्क. वय एकतीस, आणि डोक्यात खूळ घाटाच्या रेसचं. रस्ता बंद करायचा, एका वेळी एकच गाडी खालून वर सोडायची आणि घड्याळ लावायचं, एवढाच हा खेळ. त्याआधी तीन गॅरेजवाल्यांनी "मॅडम, तुमचं काम न्हवं ते" म्हणत चहा पाजून मला परत पाठवलं होतं. अण्णांनी चहाही पाजला नाही. फक्त विचारलं, "घाट चालत चढलीयास कधी?"

"नाही."

"मग गाडी घरी लाव जा."

पुढचे चार रविवार आम्ही गारगोटीच्या पुढचा तो घाट पायी चढलो. पासष्टीचे अण्णा पांढरा पायजमा आणि रबरी चपला घालून पुढे, मी धापा टाकत मागे. प्रत्येक वळणावर ते मला रस्त्यात उकिडवं बसवायचे. "हितं खडी निसटतीया बघ. हितं झाडाची सावली, सकाळी रस्ता वला असतोय. तुझा ब्रेक त्या दगडापाशी. फुडं न्हाय की मागं न्हाय." त्यांच्या मुलीपेक्षा मी लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे. "अक्का, ब्रेक पायानं दाबत न्हाईत. आधी डोळ्यानं दाबायचा, पाय मागनं येतोय." ऊन कललं की कठड्यावर बसून डबा उघडायचे, कारण दिवस मावळल्यावर ते जेवत नसत. निम्मी भाकरी माझ्या हातावर ठेवायचे आणि खाता खाताच माझ्या चुका मोजायचे. मी चिडायचे. चिडले की म्हणायचे, "चिड की. पर घाटात चिडू नगंस."

ब्रेक त्यांनी दोनदा उघडले, दोनदा बसवले. रेसच्या दिवशी पहाटे पुन्हा चाकाखाली झोपून बघितले. मग बादली फिरवली, गाडी रिकामी केली आणि रेस भरवणाऱ्या क्लबच्या माणसांकडून चेकिंग करून घेतलं. "जा आता," एवढंच म्हणाले आणि तिसऱ्या वळणावर जाऊन उभे राहिले. ते वळण मला नेहमी चुकायचं.

तेवढ्यात आई आली. आदल्या दिवशी ती नृसिंहवाडीला जाऊन आली होती. लाल फडक्यात बांधलेला नारळ तिनं माझ्या हातात कोंबला. "सीटखाली ठेव. त्या मिस्त्रीला सांगू नको, काढून टाकंल मेला." मी म्हणायला हवं होतं, आई, हा नारळ तूच धरून बस. पण ती रडवेली झाली होती, माझा नंबर पुकारला होता. मी नारळ सीटखाली सारला. अडकून बसलाय असं वाटलं.

तिसऱ्या वळणाआधी त्या दगडापाशी मी ब्रेक दाबला. पॅडल निम्म्यावर थटलं. पुन्हा दाबला. दगडावर लाथ मारल्यासारखं झालं. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. कसं कोण जाणे, माझे हात डोंगराकडे वळले आणि गाडी मातीत घुसली.

सगळ्यांत आधी अण्णा पोचले. माझ्याकडे बघून हात-पाय हलवायला लावले आणि सवयीनं पॅडलखाली हात घातला. लाल फडक्यातला नारळ बाहेर आला.

"कुणी ठेवला?"

"मी."

वरून क्लबची माणसं पळत येत होती. चेकिंगनंतर गाडीत काही ठेवलं तर नाव कायमचं कट, हा नियम मला ठाऊक होता, अण्णांनाही. "गप बस आता," ते म्हणाले. "तुझं आत्ता सुरू झालंय. माझं झालंय करून."

आणि या माणसानं काय करावं? फडकं खिशात घातलं, नारळ कडेच्या दगडावर आपटून फोडला आणि क्लबच्या अध्यक्षांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "वाडीचा प्रसाद हाय सायेब. पोरगी वाचली, घ्या. ब्रेक मी केलतं. चुकलं माझं."

अध्यक्ष खोबरं चावत म्हणाले, "अण्णा, वय झालं तुमचं. उद्या कुणाचा जीव जाईल. यापुढं घाटावर येऊ नका." सगळ्यांनी खोबरं खाल्लं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही खाल्लं. गोड होतं. मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या गोडाचा.

पुढची दोन वर्षं मी रेसला उतरत राहिले. एकदा तिसरी आले, एकदा दुसरी, पेपरात फोटो आला. अण्णांकडे आधी रेसवाली पोरं यायची थांबली, मग साधी गिऱ्हाइकंही. कोल्हापुरात असली बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी गॅरेजात जाऊन म्हणाले, "मी सांगून टाकते सगळं."

"सांगून काय दिवं लावणार हाईस?" ते गरजले. "तुझंबी नाव जाईल. गप घाट चढ!"

मला त्यांचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं या माणसाला एवढं मोठं व्हायला? मला विचारलं होतं का? पण मी गप्प बसले. मोठ्या माणसाचं ऐकणं इतकं सोयीचं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आई दर पौर्णिमेला वाडीला जायची आणि आल्यावर म्हणायची, "महाराजांच्या नारळानं राखली, न्हाईतर त्या मिस्त्रीनं माझी पोर घालवलीच होती." मी ताटातलं जेवत राहायचे.

गेल्या फाल्गुनात अण्णा गेले. गॅरेजातच, हार्ट अटॅक. मी रडत घरात आले तर आई म्हणाली, "चला, आता कुणाचा ब्रेक तरी खराब व्हायचा न्हाई."

मग मात्र मी फुटले. नारळ, पॅडल, लाल फडकं, सगळं तिच्या अंगावर ओरडले. आई खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मी नारळ दिला तो मायेनं. तू दोन वरसं गप बसलीस, ती कशानं गं?"

 

यंदाच्या रेसला मी गाडी नेली नाही. घाटाच्या पायथ्याशी क्लबच्या टेबलापाशी मी अध्यक्षांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते वरमले, पण लगेच सावरले. "तुमचं नाव कट करावं लागेल, नियम आहे."

"करा. आणि अण्णांचं काय?"

"आता माणूसच राहिला नाही. उकरून काय मिळणार?"

"खोबरं खाताना विचारलं होतं का, काय मिळणार म्हणून?" मी म्हणाले आणि टेबलावरचा माइक उचलला. दोघं-तिघं धावले, पण मला एकच वाक्य बोलायचं होतं.

"भूपालअण्णांनी केलेले ब्रेक चांगले होते."

पायथ्यापासून माथ्यापर्यंत कर्णे लावलेले होते. तिसऱ्या वळणावरही एक होता.