मावशी कोणाला म्हणायचं?

आमची संस्था पाणथळ जागा वाचवते. म्हणजे शिवडीचा चिखल, तिथली खारफुटी आणि थंडीत तिथे उतरणारे फ्लेमिंगो. हे सगळं आम्ही गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून वाचवतो. माझं काम ऑफिस सांभाळायचं. पत्रं, रजा, परवानग्या, बैठकांची टिपणं, आणि प्रिंटर अडला की त्याच्या बाजूला एक चापट मारायची.

काही वर्षांपूर्वी आम्हाला मदत करणाऱ्या एका परदेशी संस्थेकडून फॉर्म आला. तुमच्याकडे वेगवेगळ्या थरांतली, समाजांतली, वयांची माणसं किती, आणि त्यांना सामावून घ्यायला तुम्ही काय करता? आमचे संचालक बँकेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे, अतिशय सज्जन गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणायचे. सरांनी लगेच समिती नेमली. सर स्वतः, आमच्या ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ मॅडम, दोन तरुण संशोधक आणि टिपणं घ्यायला मी. पहिल्याच बैठकीत लक्षात आलं की माझ्याखेरीज चौघंही दादरचे, आणि त्यातले तिघं एकाच शाळेतले.

"पण आपल्यात मतभेद खूप आहेत," सर म्हणाले.

"ते कुठल्या रकान्यात लिहू?" मी विचारलं.

मी लालबागची. वडील गिरणीत, घरात मालवणी. पण ऑफिसात मी इतकं जपून बोलायची, मध्येमध्ये इंग्रजी पेरायची, की सगळे मलाही दादरचीच समजत. मी तो गैरसमज अकरा वर्षं नीट सांभाळला होता.

समितीने ठरवलं की क्षेत्र सहायकाच्या जागेसाठी पदवीची अट काढायची. त्यामुळे मुलाखतीला शिवडीच्या एक बाई आल्या. पंचेचाळिशी उलटलेली, बंदराजवळच्या एका गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायच्या. गोदाम बंद पडलं होतं.

मॅडमनी विचारलं, "तुमचा कॉन्झर्वेशनमध्ये इंटरेस्ट कसा डेव्हलप झाला?"

"अजून झाला नाही. तुम्ही घेतलंत तर होईल."

सरांना हसताना ठसका लागला. मॅडम हसल्या नाहीत. "फ्लेमिंगो बघितलेत का?"

"आमच्याकडे यायला लागले तेव्हापासून थंडीत रोज बघते. तुम्ही लोक कॅमेरे घेऊन यायला लागलात तेव्हा कळलं, ते खास बघायचे असतात."

बाईंना घेतलं. पहिल्या दिवशी एका संशोधकाने उठून खुर्ची पुढे केली. "या मावशी, बसा."

बाई बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मला मावशी का?"

"म्हणजे… आदर म्हणून."

"आणि ह्यांना?" त्यांनी मॅडमकडे हात केला.

"त्या मॅडम आहेत."

"माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या दिसतात. त्यांचा आदर नाही करत तुम्ही?"

मॅडमनी हळूच विचारलं, "पंधरा दिसतात?"

प्रश्न समितीकडे गेला. फॉर्मबरोबर आलेल्या मार्गदर्शिकेत लिहिलं होतं की सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारावी. सरांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. बाईंचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पहिलं अक्षर उच्चारलं आणि पुढे खोकले. संशोधकांना तर सरांना नुसत्या नावाने हाक मारावी लागणार होती. एकाने आठवडाभर सरांना हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं की टेबलासमोर जाऊन उभा राहायचा आणि सरांची नजर वर व्हायची वाट बघायचा. मॅडमनी जाहीर केलं, "मला नुसतं 'अहो' म्हटलं तरी चालेल." मग "अहो!" म्हटलं की सगळ्या ऑफिसची मान वळायची.

शेवटी बाई वैतागल्या. "आमच्या गोदामात बायकांना ताई आणि पुरुषांना दादा. हमाल असो नायतर मालक."

"मला दादा?" सर म्हणाले. "अहो, माझा नातू कॉलेजात आहे."

"मग त्याला सांगू नका."

तेव्हापासून सर दादा झाले. त्यांच्या मिसेसना मात्र कोणी कळवलं नव्हतं. त्यांनी दुपारी ऑफिसात फोन केला, संशोधकाने "दादा जेवतायत" म्हणून सांगितलं, आणि त्यांनी "सॉरी, राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. तीनदा.

खरी पंचाईत बैठकीत झाली. मॅडम सांगत होत्या की या वर्षी स्टेकहोल्डरांना विश्वासात घ्यायला हवं.

"ते म्हणजे कोण?" शिवडीच्या ताईंनी विचारलं.

"ज्यांचा त्या जागेशी संबंध आहे ते. तिथे राहणारे, काम करणारे. तुमच्यासारखे."

"म्हणजे मी आहे ती?"

"अर्थात. गेल्या वर्षी आपण स्टेकहोल्डरांची मोठी मीटिंग घेतली होती. शिवडीचं कोणीच आलं नाही," मॅडमच्या आवाजात जुनं दुःख होतं.

"कुठे होती?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. हॉल मीच ठरवला होता. "चर्चगेटला," मी म्हणाले. "एसी होता."

"आणि आम्हाला सांगितलं कोणी?"

"पत्रकं लावली होती," एक संशोधक म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "इंग्रजीत."

ताईंनी ते फार ताणलं नाही. अजेंड्यावरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कपॅसिटी बिल्डिंग म्हणजे काय?"

सरांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी संशोधकांकडे, त्या दोघांनी माझ्याकडे. हा शब्द मी अकरा वर्षं टिपणांत लिहीत होते. त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे, तोंडातून घरातलंच निघालं. "माका पण कधी कळूक नाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. माझे कान गरम झाले. मला वाटलं, आता काहीतरी संपलं. सर पुढे वाकून म्हणाले, "तुम्ही मालवणी? मग तुमच्या डब्यातल्या त्या बांगड्याच्या तिखल्याबद्दल विचारायचं कसं, म्हणून आम्ही इतकी वर्षं गप्प होतो!" आणि मला हसताना रडू आलं. ताईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा विचारलं, "पण म्हणजे काय ते?"

त्याच आठवड्यात आम्ही सगळे पक्षी मोजायला शिवडीला गेलो. ऑफिसातली माणसं म्हणून मी आणि सरही. उतरल्या उतरल्या ताईंनी विचारलं, "बायकांनी जायचं कुठे?"

सरांनी दुर्बिणीसह हात लांब केला. "त्या खारफुटीच्या डाव्या अंगाने जा, तिथून थवा छान दिसतो."

"तसं नाही, दादा. जायचं कुठे?"

सरांना उलगडा झाला तसे ते लाल झाले. मॅडम जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी इथे येते त्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही." वीस वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी बाई असून.

ताई रस्ता ओलांडून समोरच्या गोदामाच्या वॉचमनशी पाच मिनिटं बोलल्या आणि आतल्या बाथरूमची किल्ली घेऊन आल्या. वॉचमनची बायको त्यांच्याच चाळीतली निघाली. एका अटीवर किल्ली मिळाली होती, की एक दिवस त्याच्या पोरांना दुर्बिणीतून पक्षी दाखवायचे.

त्या दिवशी मॅडम पक्षी मोजता मोजता अख्खी बाटलीभर पाणी प्यायल्या. फॉर्मवर मी काय लिहिलं ते आता नीट आठवत नाही. किल्लीबद्दल लिहिलं होतं एवढं नक्की.

हल्ली त्या दोघी एकत्रच मोजणीला जातात. मॅडम थव्याचे चौकोन पाडून मोजतात. ताई ट्रक मोजायच्या तशा रांगेने, ओठ हलवत मोजतात. आकडे कधी जुळत नाहीत. परतताना टॅक्सीत भांडण सुरू होतं ते गिरगावचा जिना चढेपर्यंत चालतं. अहवालात मी दोन्ही आकडे लिहिते, आणि मग दोघीही वेगवेगळ्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगतात, "ताई, माझा आधी लिहा."