अपघाताच्या वहीतला डावा हात

ओल्या सिमेंटचा वास आला की मला मँचेस्टरमधली ती साइट आठवते. मी तिथे पार्टटाइम काम करायचो. परांचीची फळी मोडून आमचे सुतार सदाकाका पडले, उजवं मनगट मोडलं. गोरा सुपरवायझर लगेच अपघाताची वही, म्हणजे साइटवरच्या अपघातांची नोंदवही, घेऊन हजर! म्हणे, "स्वतःच्याच चुकीने पडलो, असं लिही."

काका डाव्या हाताने मराठीत लिहू लागले : फळी सडकी होती, दोनदा सांगितलं होतं.

"काका, नोकरी जाईल!" मी घाबरून कुजबुजलो.

"गप रे. त्याला मराठी वाचताच येत नाही, तर खोडणार काय?"

आपण सांगितलं तेच लिहिलंय असं समजून सुपरवायझरने खुशीत वही मिटली. पुढे काकांच्या वकिलाने त्या ओळींचं भाषांतर केलं आणि कंपनीला जबाबदारी घ्यावीच लागली.

आज साइट्सच्या गेटवर मी कामगारांना पत्रकं वाटतो. पहिलीच ओळ काकांची आहे : वहीत स्वतः लिहा, आपल्या भाषेत.