उडून गेलेला गुलाबी रंग

भाव जुळला नाही की दुकानातून कसं उतरायचं, हे मला वडिलांनी शिकवलं. ते सावनेरच्या आठवडी बाजारात सुकी मिरची आणि डाळी विकायचे. माल घ्यायला आम्ही नागपूरला यायचो. ठोक दुकानदारानं भाव सांगितला की वडील काही न बोलता पिशवी उचलायचे आणि निघायचे. मी चटचट पायऱ्या उतरायला लागलो की माझा दंड धरायचे.

"हळू चाल ना गा. त्याले हाक माराले वेळ दे."

हाक यायचीच. एखाद्या वेळी दुसऱ्या पायरीवर, एखाद्या वेळी पार कोपऱ्यावर, पण यायची. आज नागपूरच्या गांधीबाग बाजारात माझं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. ते याच चालीवर उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल. गिरणीवाल्यांच्या समोरून मी कितीदा असा उठून निघालोय आणि त्यांनी मला परत बसवलंय. एकाच ठिकाणी ही चाल वाया गेली. ते ठिकाण म्हणजे बी.एस्सी. पहिल्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा.

मी सावनेरहून रोज एसटीनं नागपूरच्या कॉलेजात यायचो. वडिलांनी परवानगी दिली होती, पण अट घालून. "एक वरीस पाहू. पास झाला तं शीक. नापास झाला तं मंग बाजार आहेच." मी हो म्हटलं, कारण मला नापास होण्याची भीती नव्हती. फिजिक्सशी माझं कसंबसं जमायचं, गणिताशी भांडण होतं, पण रसायनशास्त्र मला आवडायला लागलं होतं. आवडण्याचं कारण आमच्या धंद्याशी जोडलेलं होतं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा भाव माणूस पाहून ठरायचा. संत्र्यांचा शेकडासुद्धा शंभराचा नसायचा, वर दोन-चार फळं घालावी लागत. इथं मात्र हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक. गिऱ्हाईक कोणीही असो, पाणी त्याच हिशेबानं बनणार. समीकरणाच्या डावीकडे जेवढं घालाल तेवढंच उजवीकडे मिळणार. ज्या बाजारात भाव करावाच लागत नाही असा बाजार मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला तिथं राहायचं होतं.

शिकवायला एक मॅडम होत्या. वयानं फार मोठ्या नव्हत्या. बोलणं भरभर, आणि बोलताना खडूची पांढरी भुकटी पदराला पुसायची सवय. त्यांच्या प्रॅक्टिकलला दोघा-दोघांत एक ब्युरेट मिळायचं. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची उभी नळी. त्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण. खाली कोनिकल फ्लास्कमध्ये ॲसिड आणि त्यात इंडिकेटरचे दोन थेंब. थेंब थेंब सोडत जायचं. ॲसिड संपलं की पुढच्या एका थेंबाला फ्लास्कमधलं पाणी गुलाबी होतं. तिथं तोटी बंद करायची आणि आकडा वाचायचा.

माझा आकडा नेहमी जास्त यायचा. माझा फ्लास्क फिकट गुलाबी न होता लग्नातल्या सरबतासारखा गडद व्हायचा. मॅडमनी काही दिवस पाहिलं आणि एकदा माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"रंग आला तरी तुझा हात थांबत का नाही?"

"मॅडम, रंग आल्यावर वरून एक-दोन थेंब घालतो."

"का?"

मी तोटी बंद केली. मग जोडीदार हसत म्हणाला, "मॅडम, याचे बाबा बाजारात बसतात. पारडं झुकल्याशिवाय याले माप झालं असं वाटतच नाही."

सगळी बॅच हसली. मॅडमही हसल्या, पण लगेच त्यांनी माझ्या फ्लास्कखाली पांढरी फरशी सरकवली. "पांढऱ्यावर पाहायचं, म्हणजे फसवणूक होत नाही. झुकतं माप तिकडे चांगलं, इथं नाही. रंग आहे की नाही अशी शंका यावी, तिथंच थांब. आणि तो थोड्या वेळानं उडून गेला तर घाबरू नकोस. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात जातो आणि फिकट रंग उडतो. गडद केलास तर टिकेल, पण ते माप खोटं."

हे मला पाठ करावं लागलं नाही. लहानपणापासून हाताला लागलेली सवय मोडायला मात्र अख्खा हिवाळा गेला. मधल्या सुटीत बाकीचे टपरीवर जायचे आणि मी उरलेल्या द्रावणावर हात बसवायचो. हळूहळू हात थांबायला लागला. एकदा मॅडमनी फ्लास्क उचलून पांढऱ्यावर धरला, बराच वेळ पाहिला आणि नुसतंच "हं" म्हणाल्या. त्या "हं"मुळे मला एसटीत सावनेरपर्यंत बसायला जागा मिळाली नाही तरी काही वाटलं नाही.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक्स्टर्नल आले. आमच्या कॉलेजात एक रीत होती, बहुतेक सगळीकडेच असावी. सकाळची बॅच बाहेर पडताना दुपारच्या बॅचला आकडा सांगून जायची. त्या दिवशीही जिन्यात तो आमच्यापर्यंत आला. द्रावण तेच, मग आकडाही तोच, असा सगळ्यांचा हिशेब. आत गेल्यावर पोरं नावापुरती तोटी फिरवत होती आणि कागदावर आकडा आधीच लिहून बसली होती.

माझा आकडा वेगळा आला. थोडासाच, पण वेगळा. मी पुन्हा केलं. पुन्हा तेवढाच. जोडीदार शेजारून पुटपुटला, "लिहून टाक ना गा सगळ्यायचं आहे ते. काहून डोकं लावून राहिला?"

"मले जे येऊन राहिलं तेच लिहीन."

"तुले पास व्हायचं आहे का खरं बोलाचं आहे?"

मला दोन्ही हवं होतं. दुपारच्या बॅचसाठी कॉस्टिक सोड्याचं नवं द्रावण करून आणलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नवं द्रावण केलं की आकडा थोडा तरी हलणार. मी माझा आकडा लिहिला.

एक्स्टर्नल सर टेबलाटेबलावरून कागद पाहत आले. माझ्यापाशी थांबले. "सगळ्यांचा एक आणि तुझाच वेगळा?"

मी द्रावणाबद्दल सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. मग आवाज उतरवून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, दोन मिनिटं देतो. दुरुस्त कर. मी काही पाहिलं नाही."

मी जन्मभर सौदे केले आणि सौद्याचा मला कधी राग आला नाही. त्या सौद्याचा आला. जी एक जागा मला बिनाभावाची वाटली होती, तिथंही हा माणूस भाव सांगत होता. माझा आवाज चढला. "सर, रंग तुम्हीच येऊन पाहा ना. मी खोटं काहून लिहू?"

"मला रंग शिकवतोस?"

मी फ्लास्क टेबलावर ठेवला आणि मॅडमना बोलवायला धावलो. त्या शेजारच्या खोलीत तोंडी परीक्षा घेत होत्या. समोरच्या मुलीचं उत्तर संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मी दारात उभा राहून मनातल्या मनात त्या मुलीला शिव्या देत होतो. शेवटी मॅडम आल्या. एक्स्टर्नल सरांनी माझा फ्लास्क उंच धरला. आत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण होतं. गुलाबीचा मागमूस नव्हता.

"दाखव तुझा रंग," ते म्हणाले. मागे कोणीतरी खिदळलं.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. जगात दुसऱ्या कोणाला नसेल, पण त्यांना माहीत होतं की फिकट रंग उडतो, आणि उडाला म्हणजेच हात वेळेवर थांबला होता. दोन थेंब जास्त घातले असते तर तो फ्लास्क माझ्या बाजूनं साक्षीला उभा राहिला असता. मी त्यांच्या तोंडून फक्त एक वाक्य मागत होतो. त्यांनी फ्लास्ककडे पाहिलं, एक्स्टर्नल सरांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आवाज खाली कर. आधी सरांची माफी माग."

मी कागद टेबलावर ठेवला, दप्तर उचललं आणि निघालो.

पण मी तडातडा निघालो नाही. वडिलांनी शिकवल्यासारखा निघालो. प्रयोगशाळेच्या दारातून हळू, नोटीस बोर्डासमोरून आणखी हळू. पाण्याच्या टाकीपाशी उगाच थांबून पाणी प्यालो. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर कान मागे होता. हाक येईल अशी मला खात्री होती, कारण माझा माल खरा होता. खऱ्या मालाला गिऱ्हाईक सोडत नाही. सायकल स्टँड आला, फाटक आलं. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलो. संध्याकाळी मॅडम आपल्या दुचाकीवर बाहेर पडल्या. त्यांचं लक्ष समोरच्या गर्दीकडे होतं.

प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे विषयात नापास. वडिलांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण अट ती अट. मी गांधीबागेत एका शेटजीकडे कापडाची थानं उलगडायला आणि पुन्हा गुंडाळायला लागलो. पुढचं सगळं मी स्वतः केलं, कोणाचे उपकार नाहीत. पण सदर नावाच्या भागाकडे जाताना कॉलेजच्या रस्त्यानं जावं लागेल म्हणून मी कितीदा लांबचा वळसा घेतला, हेही मीच केलं. त्या मॅडमना भेटल्यावर काय बोलायचं ते वाक्य मी किती वर्षं घासून ठेवलं होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी एक बाई दुकानात आल्या. केस पांढरे, अंगावर सुती साडी. पडद्यासाठी त्यांनी एक फिकट कापड काढायला लावलं. ते घेऊन दाराच्या उजेडात गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "याच्याखाली एखादा पांढरा कागद धरता का जरा?"

कापड पारखायला उजेडात सगळेच नेतात. खाली पांढरं मागणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलेलं नाही. मी स्वतः कागद घेऊन गेलो.

"हा रंग उडणार तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

"कोणता उडतो आणि कोणता टिकतो, हे मला तुम्हीच शिकवलं होतं, मॅडम."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला. मग एकदम हसल्या. "झुकतं माप! सावनेरचा ना तू?"

मी खुर्ची दिली, चहा सांगितला. झुकत्या मापाची गोष्ट त्यांच्या लक्षात होती, परीक्षेचा दिवस नव्हता. मला सगळं सांगावं लागलं. फ्लास्क, एक्स्टर्नल, माफी. सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण गादीवरचे दोघं नोकर कापड मोजायचे थांबले. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं ना, रंग उडतो ते?"

"माहीत होतं की."

"मग बोलल्या काहून नाही?"

"मी आले तेव्हा रंग नव्हता. तो होता की नव्हता, फिकट होता की आलाच नव्हता, हे मी कसं सांगणार? मी पाहिला नाही." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "तुझं बरोबर असूही शकतं. नवं द्रावण होतं म्हणतोस, तर बहुतेक बरोबरच. पण पाहिल्याशिवाय मी कधीच काही लिहिलं नाही रे. तूही नव्हतं ना लिहिलं?"

एवढी वर्षं जे मागत होतो त्यातलं अर्धंच मिळत होतं. माझ्या सवयीप्रमाणे मी आणखी ताणून पाहणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण तू दुसऱ्या दिवशी का नाही आलास? त्या वर्षी दोन मुली रडत आल्या होत्या. ते सर अजून होते. मी त्यांना सांगून दोघींचं पुन्हा करून घेतलं. तुझंही घेतलं असतं."

"मला कोणी बोलावलं नाही."

त्यांना हे कळलं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "कॉलेज कोणाला बोलावतं का?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मी समोरचं कापड उगाच सारखं करायला लागलो. त्या दुसऱ्या दिवशी मी सावनेरच्या घरी खाटेवर पडून होतो, आणि बाहेर कोणाच्या गाडीचा आवाज झाला की उठून बसत होतो.

मॅडमनी तेच कापड घेतलं. मी भाव सांगितला, नेहमी सांगतो तसा, वर जागा ठेवून. त्यांनी एकदा जरी "कमी करा" म्हटलं असतं तरी मी पाहिजे तिथपर्यंत उतरलो असतो. ते कापड पैसे न घेता तसंच बांधून देण्याचीही माझी तयारी होती. त्यांनी पर्स उघडली आणि सांगितला तेवढा भाव देऊन टाकला. "रंग उडाला तर आणून दाखवीन हं," असं हसत म्हणाल्या आणि पिशवी घेऊन निघाल्या.

मी दारापर्यंत गेलो. हाक मारायची होती. काय म्हणून मारायची ते ठरत नव्हतं. मागे वळून पाहणारं, पायरीवर रेंगाळणारं गिऱ्हाईक मी लांबूनही ओळखतो. त्या सरळ पायऱ्या उतरल्या आणि सरळ चालत राहिल्या, दोन्ही बाजूंच्या हातगाड्या चुकवत, ज्याला कोणाच्या हाकेची गरज नसते असं माणूस चालतं तशा.