मेलेल्यांनी स्वतःहून बोलायचं नाही

आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं तेव्हा मी एका किशोर मासिकासाठी जादूच्या राज्याची गोष्ट लिहीत होते. दर महिन्याला एक भाग. दिवसभर मुंबईत नोकरी, घरी आलं की आचोळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाक, आणि त्यानंतर राजे, राण्या, शाप. हौसेला मोल नाही म्हणतात. माझी हौस चौथ्या भागातच फिटली होती, पण शब्द देऊन बसले होते.

त्या राज्यात जादूची पाच विद्यालयं होती. अग्नीचं, पाण्याचं, औषधींचं, भ्रमाचं आणि पाचवं मृतविद्येचं. हे पाचवं मी मिठागरांच्या मधोमध बांधलं, कारण जाता-येता तीच डोळ्यांसमोर असायची. तिथले विद्यार्थी मेलेल्यांना बोलवायला शिकत. पण वाट्टेल ते करता येणारी जादू मला आवडत नाही. म्हणून मी नियम घातला: मेलेल्यानं विचारलेल्याचंच उत्तर द्यायचं, स्वतःहून एक शब्द बोलायचा नाही. नियम सुचला तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते.

माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. त्यामुळे स्वच्छ प्रत बाबा करायचे. ते कोर्टात नक्कल विभागातून निवृत्त झालेले. मूळ कागदात चूक असली तरी ती चुकीसकट उतरवायची, हा त्यांचा धर्म. "आपण फक्त उतरवायचं," म्हणायचे. माझ्या गोष्टीवर त्यांनी कधी बरं-वाईट मत दिलं नाही.

सातव्या भागात राजा मृतविद्येच्या विद्यालयात जातो. राणी वारलेली असते. गुरू तिला बोलावतात, राजा किल्ल्यातल्या भुयाराची वाट विचारतो, ती सांगते आणि जाते. रविवारी टँकरचं पाणी भरून कंबर मोडलेली, तशीच मी बाबांची प्रत तपासायला बसले. राणी धुरातून वर आली आणि राजानं तोंड उघडायच्या आत म्हणाली, "जेवलात का? औषध घेतलंत?"

मला आधी हसू आलं, मग राग आला. "बाबा, हे काय? तिला स्वतःहून बोलता येत नाही, असा नियम आहे ना?"

"हो का? चुकून पडलं असेल."

जन्मात एक काना इकडचा तिकडे न केलेला माणूस चुकून दोन वाक्यं घालतो होय! मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण त्या दिवसांत मी इतकी दमलेली असायचे की कोणाचं दुःख समोर आलं की ते उद्यावर ढकलायचे. मी दोन्ही वाक्यं खोडली आणि सोमवारी पाकीट पोस्टात टाकलं.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, अर्नाळ्याची सुकट विकणारी मावशी दारात आली. आईची जुनी ओळख. टोपली उतरवून बसली आणि बाबांना म्हणाली, "जरा पानी द्या ओ. बाय होती तवा मागायला लागत नव्हतं."

बाबांनी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर रिकामा तांब्या हातात धरून ते तिथेच उभे राहिले.

"तुझ्या त्या नियमात माझं अडतं," ते म्हणाले. "मी तिला कधी काही विचारलंच नाही गं. चाळीस वर्षं तीच विचारायची आणि मी हो-नाही म्हणायचो. आता ती समोर आली आणि तिला बोलायची बंदी असली, तर आम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसू."

गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता. संपादकांना फोन करून ती दोन वाक्यं परत घालायला सांगता आली असती. उद्या करते, असं मी मनाशी म्हटलं आणि भांडी घासायला गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परतले तेव्हा बूथसमोर रांग होती. तिसऱ्या दिवशी मला आठवलंसुद्धा नाही.

अंक आला. बाबांनी ते पान काढून सावकाश वाचलं. राणी भुयाराची वाट सांगून निघून गेली होती. "छपाई चांगली आहे," ते म्हणाले आणि आठव्या भागाचे कागद मागून घेतले.

नियम माझाच होता. तो मोडायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.