धाकटीच्या छपरावरची सावली

पंधरा वर्षं ती लोकांच्या छपरांवर चढत-उतरत होती. उन्हावर वीज करणारी पॅनेलं बसवायची, वायरी ओढायच्या, खाली येऊन घरमालकाला बटण दाबून दिवा लावून दाखवायचा आणि शिडी खांद्यावर टाकून पुढच्या घरी जायचं. एवढ्या वर्षांत तिचा कुणी साधा फोटो काढला नव्हता. तिनं त्याची कधी तक्रारही केली नाही, कारण असं काही असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते डोक्यात आलं धाकट्या बहिणीचा फोटो पेपरात छापून आला त्या दिवशी.

फोटोत धाकटी एका लाकडी सांगाड्यापुढे उभी होती. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पाना आणि तोंडभर हसू. खाली छापलं होतं, की विद्यापीठातली मुलं-मुली स्वतः आराखडा काढून सूर्यावर चालणारं घर बांधताहेत आणि ते घर घेऊन मोठ्या स्पर्धेत उतरणार आहेत. आईनं फोटो कापून फ्रिजवर चिकटवला. दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत जो येईल त्याला ती फ्रिजपुढे नेऊन उभं करायची.

"हेल्मेट किती शोभतं ना हिला!"

मोठीचं हेल्मेट फ्रिजच्या शेजारीच खिळ्याला टांगलेलं असायचं. पोचे पडलेलं, आतला पट्टा घामानं काळा झालेला. ते कुणाला शोभतं की नाही, हा प्रश्न आईला कधी पडला नव्हता.

"पाना उलटा धरलाय तिनं," मोठी म्हणाली.

"तुला बाई कशाचं कौतुकच नाही," आई म्हणाली.

कौतुक नव्हतं असं कसं म्हणणार? ही धाकटी सहा वर्षांची असताना वडील छपरावरून पडले आणि त्यांची पाठ कामातून गेली. तेव्हा मोठी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि वडिलांची हत्यारांची पिशवी उचलली. धाकटीच्या वेण्या घातल्या तिनं, शाळेत सोडलं तिनं, पालकसभेला छपरावरून उतरून धुळीच्या कपड्यांत गेली तीच. धाकटी पहिली आली की हिचाच ऊर भरून यायचा. पण पहिलं येणं वेगळं आणि हे वेगळं. धाकटी वकील झाली असती, डॉक्टर झाली असती, तर मोठीनं गल्लीभर पेढे वाटले असते. ती नेमकी छपरावर चढली. मोठी जे रोज करत होती, ते धाकटीनं चार महिने केलं आणि पेपरात आली. हे मोठीच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्यात त्या खिळे-स्क्रूवाल्या दुकानदारानं भर घातली. बारा वर्षं ती त्याच्याकडून सामान घेत होती. बारा वर्षांत त्यानं "काय हवं?" याच्या पुढे एक शब्द काढला नव्हता. त्या आठवड्यात त्यानं मान वर करून नीट बघितलं.

"तुम्ही त्या पेपरातल्या मुलीच्या बहीण का हो?"

मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. स्क्रू न घेताच ती बाहेर पडली आणि दुसऱ्या दुकानाला अर्धा तास पायपीट करत गेली.

आणि एवढं सगळं पोटात असताना धाकटीनं तिला विद्यापीठात शिकवायला बोलावलं. पॅनेलांच्या जोडण्या कशा करायच्या हे मुलांना पुस्तकातून कळत नव्हतं. मोठी तीन शनिवार गेली. कार्यशाळेच्या मागच्या अंगणात ते घर अर्धवट उभं होतं, दोन खोल्यांचं, आटोपशीर. मनात म्हणाली, बरं केलंय. तोंडानं म्हणाली, "भुसा झाडत जा जरा." मुलं गुणी होती. तिला ताई म्हणायची, वही काढून लिहून घ्यायची. त्यातली एक चष्मेवाली मुलगी तर इतक्या सफाईनं जोडण्या करायला लागली, की मोठीनं स्वतःच्या पिशवीतला वायरी दाबायचा चिमटा तिला देऊन टाकला. तिसऱ्या शनिवारी पहिला दिवा लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे प्राध्यापक मोठीकडे वळून म्हणाले, "तुमची बहीण म्हणजे कमाल आहे हं!"

मोठीनं मान डोलावली. आजवर तिनं हजारभर घरांत दिवे लावले असतील. टाळी एकदाही पडली नव्हती.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. धाकटीनं जेवणाच्या टेबलावर आराखडा पसरला होता. मोठी चहाचा कप घेऊन शेजारी टेकली. सवयीनं तिची नजर छपरावर गेली. छपराच्या उगवतीच्या बाजूला, पॅनेलांच्या पहिल्या ओळीला लागून, पेन्सिलीनं एक छोटा गोल काढलेला होता.

"हे काय?"

"स्वयंपाकघराच्या वाफेचा पाइप. स्पर्धावाल्यांनी सांगितलं, तो छपराच्या वर कमरेइतका हवा. म्हणून आता घातला."

मोठीनं गोलाकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांपुढे ते छप्पर उभं राहिलं. आत्ताच्या उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, सावली पाइपाच्या पायाशीच राहणार. पण स्पर्धा थंडीत. थंडीतला सूर्य खालून खालून जातो, सकाळभर त्या पाइपाची सावली लांब होऊन पॅनेलांवर आडवी पडणार. आणि एकमेकांना जोडलेल्या पॅनेलांचं असं असतं, की एकावर सावली आली की ओळच्या ओळ मंदावते. हे तिला शिकावं लागलं नव्हतं. थंडी पडली की अशी गिऱ्हाइकं तिला दरवर्षी फोन करायची.

तिनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटी वर न बघता म्हणाली, "आराखड्याचं तू नको बघूस ताई, ते आमचं सगळं कॉम्प्युटरवर तपासून झालंय. तू फक्त पॅनेलं घट्ट कशी बसवायची तेवढं सांग."

फक्त. तेवढं.

पाइप कॉम्प्युटरमध्ये नव्हता, तो पेन्सिलीनं मागून आला होता. हेही मोठीला समोर दिसत होतं. तिनं उघडलेलं तोंड चहाच्या कपाला लावलं. पॅनेलं घट्ट कशी बसवायची, तेवढं फक्त सांगितलं. आराखडा धाकटीकडे सरकवला आणि कप विसळायला उठली.

त्यानंतर सहा-सात महिने गेले. बोलायला वेळ नव्हता असं नाही. कधी कधी जिभेच्या टोकावर यायचं. मग आई कुणाला तरी फ्रिजपुढे उभं करायची आणि ते पुन्हा पोटात जायचं. पडू दे की सावली, ती स्वतःला सांगायची. पडेल तेव्हा कळेल, छप्पर कशाशी खातात ते.

स्पर्धेचं मैदान थंडीत भरलं. बारा विद्यापीठांची बारा घरं, प्रत्येकाभोवती दोरी. घराला हात फक्त मुलांनी लावायचा. बाहेरच्यांनी दोरीपलीकडून बोलायला हरकत नव्हती. आठ दिवस घरातला फ्रिज, शेगडी, दिवे, धुण्याचं मशीन, सगळं छपरावरच्या विजेवर चालवायचं होतं आणि त्या घडीला किती वीज होतेय त्याचा आकडा दारातल्या फलकावर दिसायचा. पाचव्या संध्याकाळी ज्यांची एकूण वीज सगळ्यांत कमी, ती चार घरं बाद होणार होती.

तिसऱ्या दुपारी धाकटीचा फोन आला.

"ताई, दुपारी ठीक चालतं गं. पण सकाळी निम्मीसुद्धा वीज होत नाही. आम्ही खालून चौथे नाहीतर पाचवे आहोत. इन्व्हर्टर बिघडला असेल का? तू येतेस?"

"बघते," मोठी म्हणाली. फोन ठेवला आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. त्या दिवशीचं राहिलेलं काम तिनं शीळ घालत उरकलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती पहिल्या बसनं निघाली आणि साडेआठला मैदानात पोचली. सावली तिथंच होती. पाइपापासून निघून पहिल्या ओळीच्या तीन पॅनेलांवर आडवी, मोजून मापून टाकल्यासारखी. शेजारच्या घराचा आकडा यांच्या दुप्पट होता. मोठीनं टपरीवरून चहा घेतला आणि ती शेजारच्या घराच्या आडोशाला, धाकटीला दिसणार नाही अशी उभी राहिली. तिला हे बघायचं होतं. कित्येक महिने ती याच सकाळची वाट बघत होती.

घराच्या मागच्या बाजूला मुलं भांडत होती. थंडीत झोप न झालेले चेहरे, एकमेकांच्या हातातून वायरी ओढणं चाललेलं. सगळ्यांचा रोख त्या चष्मेवाल्या मुलीवर होता. जोडण्या तिनं केलेल्या, म्हणजे जोडण्या कच्च्या. ती बिचारी गुडघ्यांवर बसून सगळ्या जोडण्या पुन्हा उघडत होती, नाक ओढत. हातात मोठीनं दिलेला चिमटा होता.

मोठीच्या तोंडातला चहा कडू लागला. जोडण्या पक्क्या होत्या. तिला इथूनही दिसत होतं.

तेवढ्यात धाकटीनं तिला बघितलं आणि ती धावत दोरीपाशी आली.

"आलीस! बरं झालं आलीस." तिचा आवाज बसलेला होता. "सगळे म्हणतायत जोडण्या चुकल्यात. मी म्हटलं, शक्यच नाही, जोडण्या ताईनं शिकवल्यात."

"आणि आराखडा?"

"त्याचा प्रश्नच नाही. मागे एकाला त्या पाइपाबद्दल शंका आली होती, दोन दिवस नुसता वाद. शेवटी मीच मिटवला. म्हटलं, माझ्या बहिणीनं आराखडा बघितलाय. खोट असती तर ती गप्प बसलीच नसती. ती गिऱ्हाइकाची भीड ठेवत नाही, माझी कुठली ठेवते!"

 मोठीनं हात लांब करून छपराकडे बोट दाखवलं.

"पाइपाची सावली बघ."

धाकटीनं वळून बघितलं. ती हुशार होती, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पाइपावरून तिची नजर पॅनेलांवर गेली, तिथून सूर्याकडे, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं आई गं! आम्ही उन्हाळ्यात बघितलं होतं ते... एवढ्या जणांत कुणालाच दिसलं नाही! तुलासुद्धा नाही दिसलं?"

सुटायला एवढी जागा पुरेशी होती. नाही गं, नजरचूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. धाकटीनं विश्वास ठेवला असता, उलट तिचीच समजूत काढली असती. पण तुलासुद्धा नाही दिसलं, हे मोठीला झोंबलं. पंधरा वर्षांत तिच्या नजरेतून सावली सुटली नव्हती. ती सुटली असं या पोरीनं समजावं, आणि उद्या चार जणांना सांगावं?

"दिसलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"त्याच रविवारी. टेबलावर."

धाकटीला ते समजायला वेळ लागला. त्या रविवारी हे काम खोडरबरानं झालं असतं. आता छप्पर उघडायचं, पाइप काढायचा, दुसऱ्या बाजूला भोक पाडायचं.

"मग बोलली का नाहीस?"

"जळत होते तुझ्यावर." मोठीनं नजर चुकवली नाही. "अजूनही जळते."

"ते मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. "पेपरातला फोटो आला तेव्हापासून बघतेय. घरात जळत होतीस, जळ की. मी कधी एका शब्दानं बोलले? पण ताई, कामात तू असं करशील, हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं."

ती रडली नाही, ओरडली नाही. मागे फिरली, सगळ्यांना गोळा केलं आणि चष्मेवालीला हात धरून उठवलं. जोडण्या चुकलेल्या नाहीत, पाइप चुकलाय, एवढंच तिनं सांगितलं. कुणाला कधी दिसला होता, ते सांगितलं नाही. पाइप हलवायचा तर दिवसभर वीज बंद ठेवावी लागणार होती. नऊ वाजता दारातल्या फलकावर शून्य आलं, आणि पाचव्या संध्याकाळी बाद होणाऱ्या घरांत हे घर असणार हे मैदानावर सगळ्यांनाच कळलं. तरी मुलं कामाला लागली.

मोठी परत गेली नाही. दोरीबाहेर उभी राहून ती बघत होती. कुठं करवत वाकडी चालली, कुठं भोक मोठं पडलं, सगळं तिला दिसत होतं. हात शिवशिवत होते. दुपारी चष्मेवाली मुलगी आराखडा घेऊन दोरीपाशी आली. पाइपाच्या नव्या जागेवर तिनं पेन्सिलीनं खूण केली होती.

"ताई, ही जागा एकदा बघता का? इथं नाही ना सावली यायची?"

मोठीनं दोरीवरून हात पुढे केला.

"तिला नको दाखवूस," छपरावरून धाकटीचा आवाज आला. तिनं खाली वळूनही बघितलं नव्हतं. "आपलं आपण बघू."

मुलीला काही कळेना. तिनं एकदा वर बघितलं, एकदा मोठीकडे, आणि कागद मागे घेतला.