आईला गोळी कुणी दिली?

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भूत, दृष्टांत, अंगात येणं... असलं काही कुणी सांगू लागलं की मी सरळ विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय — तरी लिहिते.

आम्ही इंदूरला, कृष्णपुऱ्याजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पोचलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, दुखण्याची वाट पाहायची नाही, वेळेवर घ्यायची. पण मॉर्फिन सुरू म्हणजे सगळं संपलं, हा आमच्या घरातला पक्का समज.

"अभी नको गं," आई म्हणायची. "आदत लागली तर? मग खरंच दुखेल तेव्हा काय घेऊ?" आणि कूस बदलताना पदर तोंडात धरायची. मला तिचा रागही यायचा आणि रडूही.

त्या दुपारी बाबा रिपोर्ट आणायला गेले होते. मी बाहेरून कुलूप लावून खाली मेडिकलवर गेले. परत आले तर कुलूप जसंच्या तसं. आत आई उशीला टेकून शांत बसलेली... शेजारी गोळीचं फोडलेलं पाकीट आणि मांडीवर कुंकवाचा करंडा. करंडा असतो देवघरात, आणि तिथवर आईला चालवतच नव्हतं.

"सुमन आली होती," ती म्हणाली. "तिनंच गोळी दिली. म्हणाली, जीजी, मी पण घेते, दर्द सांभाळून काय करणार? निघताना तिला कुंकू लावलं."

सुमनजी देपालपूरच्या, इंदूरहून तासाभराच्या वाटेवरच्या. आजार तोच, हॉस्पिटलात दोघी शेजारी बसायच्या, तिथली ही मैत्री. अशा गोष्टींत पुढे काय कळतं, ते मलाही ठाऊक आहे: भेटून गेलेलं माणूस आधीच वारलेलं असतं. घाबरतच फोन लावला.

फोन त्यांच्या सुनेनं उचलला. "मम्मी तो घर पे ही हैं दीदी, दोपहर भर सोती रहीं. बस, माथे पे कुंकू लगा है. हमारे यहाँ तो सब बिंदी लगाते हैं, पता नहीं कहाँ से आया."

मग सुमनजींनीच फोन घेतला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "जीजी ने गोली ली न? पेट साफ होने की दवा भी साथ में देना बेटा, इस गोली से कब्ज होता है."

बाबा म्हणतात, योगायोग. आजार आहे तिथेच आहे. पण आई आता वेळेवर गोळी घेते, रात्रभर झोपते, पोह्यांवर जास्तीची शेव मागते. तिला असं पाहून मला इतकं बरं वाटतं की कारण शोधायचं मी सोडून दिलंय.

परवा सकाळी मी निघाले तर आई म्हणाली, "दुधाची एक थैली जास्त आण. सुमन परत आली तर? त्या दिवशी बिचारी चहासुद्धा न घेता गेली."