शेवटच्या आकड्याच्या थोडं पुढे

आमच्या क्लबात तिसऱ्या लेनवरची लोखंडी पट्टी माझ्या गोळीनं पडत नव्हती. पुढचं सगळं त्यावरून झालं.

क्लब म्हणजे शुट्झनफेराइन, नेमबाजांचं मंडळ. जर्मनीत ऱ्युसेल्सहाइमजवळच्या आमच्या गावात माणसांत गणलं जायचं तर कुठल्या तरी फेराइनमध्ये असावं लागतं, हे शेजारच्या निवृत्त बेकरकाकांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. पर्याय तीन होते: गायन, ससेपालन आणि नेमबाजी. माझ्या गाण्याबद्दल घरात एकमत आहे, आणि ससे बायकोला चालणार नव्हते. राहिलं पिस्तूल. "कोळी दिसला की खुर्चीवर चढतो हा माणूस," असं ती फोनवर पुण्याला सांगत होती, "आणि आता पिस्तूल चालवणार आहे."

पुढची दोन-तीन वर्षं फॉर्म भरण्यात गेली. त्यात मी आणखी एक परवाना जोडून घेतला, काडतुसं घरी भरण्याचा. झाडलेली पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडात ठिणगी देणारी नवी कॅप, आत मोजून पावडर आणि वर नवी गोळी बसवायची. त्याचा वेगळा कोर्स, वेगळी परीक्षा. तळघरात प्रेस आला, तराजू आला. मुलगी वर जाऊन मैत्रिणीला जर्मनमध्ये सांगायची, की पप्पा खाली मसाले दळतात.

कोर्सला एक छापील टेबल मिळतं. कुठली गोळी, कुठली पावडर, सुरुवात किती वजनानं करायची आणि कमाल किती. शिकवणाऱ्या माणसानं तो कमाल आकडा फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी वहीत दोन्ही रेघा उतरवल्या, पट्टीनं.

पण पट्टी पडेना. म्हणजे ती लक्ष्याची पट्टी. गोळी लागली की ती जरा मागं झुकायची आणि परत सरळ व्हायची. "तुला गुटन टाग म्हणतेय," बेकरकाका म्हणाले. ते क्लबात शूटिंगवर देखरेख करायचे. पुढच्या खेपेला मी कमाल आकड्यापर्यंत गेलो. पट्टी कधी पडली, कधी नमस्कार करून उभी राहिली.

इथं माझ्यातला इंजिनियर जागा झाला. मी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करतो. माझ्या सहीनं जे ड्रॉइंग बाहेर पडतं, त्यावरचा कमाल भार हा खरा कमाल भार नसतो. खरा बराच वर असतो. कागदावर आम्ही जो लिहितो तो आम्हाला शांत झोप लागावी म्हणून. तेव्हा या टेबलवाल्यांनीही तेच केलं असणार. मी स्वतः असले आकडे लिहितो, मला कोण फसवणार? एखाद्या साध्या माणसानं टेबल मुकाट पाळलं असतं. त्यापलीकडे जायला माझ्याइतकं शिक्षण लागतं.

थोडं पुढं गेलो. काही झालं नाही. आणखी थोडं गेलो. पट्टी धाडकन पडली. हाताला दणका जरा जास्त बसला, पण विजयाचा दणका तसाच असतो अशी माझी समजूत. मी पन्नास काडतुसं भरली आणि डब्यावर छापील लेबल चिकटवलं: तारीख, गोळी, पावडर, वजन. वजनाच्या जागी टेबलातला कमाल आकडा लिहिला. कुणी डबा पाहिला तर उगाच चर्चा नको.

आणि त्या उन्हाळ्यात, ज्या उन्हाळ्यात फुटबॉलपायी इथल्या सगळ्या गाड्यांना झेंडे फुटले होते, सासरे तीन महिने राहायला आले.

वडील आले की बायकोच्या तोंडी मी 'अरे'चा 'अहो' होतो. एरवीही मी त्यांच्यापुढे थोडा ताठ बसतो. त्यांनी उभा जन्म सरकारी काडतूस कारखान्यात काढला, तोही तपासणी खात्यात. माल भरणारे वेगळे, तपासणारे वेगळे, हे दुसऱ्यांतले. बोलणं कमी. जेवणात मीठ जास्त झालं तरी सांगत नाहीत, फक्त पाण्याचा पेला जवळ ओढतात. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि माझ्या कुठल्याही कामाबद्दल त्यांच्याकडून "बरं" यापुढचा शब्द मी ऐकला नव्हता. आता तळघरात काडतूस भरणारा जावई म्हटल्यावर तरी काही निघेल, असा माझा हिशेब.

शनिवारी दुपारी मी त्यांना क्लबात घेऊन गेलो. पाहुण्याला देखरेखीखाली चार गोळ्या झाडता येतात. बेकरकाकांनी त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला, कानावर लावायला मफ दिले, डोळ्यांना चष्मा दिला. मी आधी पाच गोळ्या झाडल्या. पाचवीला पट्टी पडली. मी पिस्तूल रिकामं करून समोरच्या टेबलावर ठेवलं, दुसरं मॅगझिन भरून बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "या बाबा, आता तुम्ही."

सासरे पुढं आले आणि खाली वाकले. जमिनीवरची एक पुंगळी उचलली, मग दुसरी. क्लबचा चष्मा काढून खिशातला वाचायचा लावला आणि पुंगळीचं बूड उजेडाकडे धरलं. मला वाटलं, जुनी सवय. मग त्यांनी डबा उचलून लेबल वाचलं. जर्मन त्यांना येत नाही, पण आकडे सगळीकडे तेच असतात.

"जावईबापू, हे वजन कुणी केलं?"

"मीच."

"तपासलं कुणी?"

"मीच की. घरी दुसरं कोण आहे?"

"हं. आणि टेबलात किती आहे?"

"तेवढंच. लेबलवर आहे तेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं वगैरे नाही, घड्याळ बघावं तसं. मग म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणजे असेल," आणि पुंगळ्या खिशात टाकून वाचायचा चष्मा उतरवला, क्लबचा चढवला आणि एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात मॅगझिन घेतलं.

तो हात सत्तरीचा होता. अंगठ्याच्या नखाला सकाळी लेकीसाठी सोललेल्या लसणाचा वास असणार. मी त्या हाताकडे पाहत होतो आणि डोक्यात वाक्यं जुळवत होतो: पाच गोळ्यांना काही झालं नाही, आणखी चारांना काय होणार. वाक्य चांगलं होतं. मीटिंगमध्ये चाललं असतं.

"थांबा बाबा," मी म्हणालो. "जास्त आहे."

"किती?"

सांगितलं.

त्यांनी मॅगझिन आणि पिस्तूल होतं तसं टेबलावर ठेवलं. खिशातून एक पुंगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "कॅप बघा. कडा गोल हव्यात, ही दाबून सपाट झाली आहे. आणि इथं बुडाजवळ पितळ फुगलंय. हे आम्ही पेटीत जाऊ देत नसू."

"पण बाबा, टेबलवाले मार्जिन ठेवत असतील ना."

"ठेवतात की. तुमच्या चुकांसाठी ठेवतात. तराजू जरा हलला, गोळी जरा खोल बसली, ऊन जास्त पडलं, त्यासाठी. ते तुम्ही आधीच खाऊन बसलात. आता चूक झाली तर ती कुठं मावणार?" मग म्हणाले, "शेवटी शेवटी दाब वजनाच्या हिशेबानं चढत नाही. एकदम चढतो. पुंगळी मागून फाटते, गॅस हातात येतो. माणूस आधी ओरडत नाही. हाताकडे बघत राहतो."

सोळा वर्षांतलं हे त्यांचं माझ्याशी सगळ्यात लांब भाषण. विषय मीच पुरवला होता.

"वास इस्ट लोस?" काय झालं, असं बेकरकाकांनी विचारलं. मग तीच कबुली मला जर्मनमध्ये द्यावी लागली, आणि जर्मनमध्ये क्रियापद शेवटी येत असल्यामुळे मी काय केलं ते वाक्य संपेपर्यंत त्यांनाही थांबावं लागलं. ऐकून ते "आल्झो", म्हणजे 'असं तर', एवढंच म्हणाले, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि लेन बंद केली. "ती पट्टी," ते म्हणाले, "तिची बिजागरी गंजली आहे. सगळे वरच्या कडेला मारतात. तुला माहीत नव्हतं?"

बिजागरी.

उरलेली काडतुसं फोडायची ठरली, पण इथं रविवारी ठोकाठोक चालत नाही, शेजार कानात प्राण आणून बसलेला असतो. म्हणून मी सोमवारी रजा टाकली. ऑफिसात कारण दिलं, सासरे आलेत. तळघरात मी पोकळ हातोड्यात एकेक काडतूस घालून आपटायचो, गोळी निसटायची, पावडर पडायची. सासरे ती तराजूवर घालून वजन सांगायचे आणि मी वहीत लिहायचो. मध्ये एकदा बायको चहा घेऊन आली. "काय चाललंय?"

"तपासणी," सासरे म्हणाले.

"पास झाले का हे?"

"अजून चाललीय."

मला वाटत होतं, ठरवलेल्या जास्तीच्या आकड्यावर तरी मी नेटका असेन. नव्हतो. वजनं खाली-वर होत होती, आणि शनिवारी भरलेल्या त्या मॅगझिनमधली चार काडतुसं फोडल्यावर तिसऱ्यातली पावडर तराजूवर पडली तेव्हा सासरे आकडा सांगायचे थांबले. त्यांनी पॅन उचललं, तराजू शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. मी ठरवलं होतं त्याच्याही ती बरीच वर होती.

"हे तुमचं होतं," मी म्हणालो. ते ऐकायला भलतंच वाटलं. "म्हणजे तुमच्या हातात गेलं असतं."

"हं," ते म्हणाले, आणि आकडा सांगितला.

मी तो लिहिला. त्यांनी वही ओढून घेतली, माझा इंग्रजी सात हा एकासारखा दिसतो म्हणून त्याला मधून आडवी रेघ मारली, आणि पुढचं काडतूस माझ्याकडे सरकवलं.